नकाशा मंजूर कोणी करायचा?

बीडहून मांजरसुंब्याकडे जाताना पालीजवळ बिंदुसरेचे धरण लागते. पावसाळ्यात सांडव्यावरून पाणी पडू लागले की बीडकरांची तिथे गर्दी होते, आणि बालाघाटच्या या डोंगरात एखादे आखीव पर्यटननगर वसावे असे कोणालाही वाटू शकते. त्यात गैर काही नाही. जिथली कुटुंबे दरवर्षी ऊसतोडीसाठी घरदार सोडून जातात, तिथे गावातच काम मिळण्याची आशा मोलाची असते. पण डोंगरात नवे नगर उभारण्याचा मोठा प्रयोग महाराष्ट्राने मुळशीच्या खोऱ्यात करून पाहिला आहे, आणि लवासाचा तो अनुभव आधी नीट तपासायला हवा.

खासगी गुंतवणुकीतून थंड हवेची ठिकाणे वसवण्याचे नियम राज्य सरकारने १९९६ मध्ये केले. त्यांच्या आधारे हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनीने वरसगाव धरणाच्या काठी, दासवे येथे, इटलीतल्या पोर्तोफिनोच्या धर्तीवर पहिली वसाहत बांधायला घेतली. आराखड्यात कसर नव्हती. परदेशात त्याचा गौरवही झाला. माझ्या मते खरी चूक झाली २००८ मध्ये, सरकारने लवासा कॉर्पोरेशनलाच विशेष नियोजन प्राधिकरण नेमले तेव्हा. घरे विकणाऱ्या कंपनीच्याच हाती त्या घरांचे नकाशे मंजूर करण्याचा अधिकार गेला. मेधा पाटकर आणि स्थानिक शेतकरी जमिनींबद्दल प्रश्न विचारत होते, पण डोंगर किती कापायचा आणि पाणी किती अडवायचे यावर जागच्या जागी ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार असलेले त्रयस्थ कोणी तिथे नव्हते. विक्रीवर कर्जफेड अवलंबून असलेल्या कंपनीने स्वतःलाच नकार द्यावा, ही अपेक्षा मुळातच चुकीची होती. वरसगावचे पाणी पुढे खडकवासल्यातून पुण्याला जाते, म्हणजे हा मामला एका खोऱ्यापुरता नव्हताच.

केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने नोव्हेंबर २०१० मध्ये काम थांबवले म्हणून लवासा बुडाले, असे अनेक जण म्हणतात. त्या थांबण्याचा फटका मोठा होता, हे खरेच. पण पुढल्याच वर्षी पहिल्या टप्प्याला सशर्त परवानगी मिळाली होती, तरीही प्रकल्प सावरला नाही. २०१७ मध्ये प्राधिकरणाचा दर्जा काढून घेण्यात आला आणि २०१८ मध्ये प्रकरण दिवाळखोरी न्यायाधिकरणात गेले. त्रयस्थ यंत्रणेने सुरुवातीलाच मर्यादा आखून दिल्या असत्या, तर आयुष्यभराची पुंजी गुंतवणाऱ्या घरखरेदीदारांनाही नेमके काय विकत घेतो आहोत ते कळले असते.

बंधने आली की पर्यटन मरते, हा दुसरा आक्षेप. माथेरानमध्ये मोटारींना बंदी आहे आणि २००३ पासून तो परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, तरी लोक तिथे जातातच. उलट ती शांतताच त्यांना तिथे ओढून नेते.

बालाघाटात तर हात आणखी आखडता हवा. महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. बीड जिल्ह्याची सरासरी सातशेच्या आत आहे, आणि बिंदुसरेच्या पाण्यावर बीड शहराचाही हक्क आहे. म्हणून पालीच्या डोंगरात उद्या कोणी असे नगर आखलेच, तर पहिला भूखंड विकण्याआधी दुष्काळी वर्षातल्या पाण्याचा हिशेब ग्रामसभेपुढे मांडला गेला पाहिजे, आणि नकाशावरची सही प्रकल्पात एका रुपयाचाही वाटा नसलेल्या सार्वजनिक यंत्रणेची असली पाहिजे.