दूरशिक्षण : पुस्तक घरी आले, पण विचारायचे कुणाला?

नोकरी करणाऱ्या, घर सांभाळणाऱ्या किंवा शाळा-कॉलेज अर्ध्यावर सुटलेल्या आपल्या तरुण-तरुणींसाठी मुक्त विद्यापीठ हा मोठा आधार आहे. देशातील पहिले मुक्त विद्यापीठ १९८२ मध्ये हैदराबादला सुरू झाले. आज ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावाने ओळखले जाते. १९८५ मध्ये इग्नू आणि १९८९ मध्ये नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. प्रवेश मिळतो, पुस्तकेही मिळतात. तरीही कितीतरी जण मधेच सोडून देतात. तिसऱ्या पानावर अडले की विचारायला कुणी नसते, हे त्यामागचे एक मोठे कारण आहे.

अभ्यासक मायकेल मूर यांनी दूरशिक्षणातील 'अंतर' किलोमीटरमध्ये मोजले नाही. शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यात संवाद जितका कमी, तितके अंतर जास्त, असे त्यांचे म्हणणे. (या हिशेबाने शंभर जणांच्या वर्गात शेवटच्या बाकावर गप्प बसलेला मुलगाही दूरशिक्षणच घेत असतो!) १९८९ मध्ये त्यांनी संवादाचे तीन प्रकार सांगितले : विद्यार्थ्याचा पाठ्यसामग्रीशी, शिक्षकाशी आणि इतर विद्यार्थ्यांशी.

टपाल, रेडिओ आणि दूरदर्शन यांनी पहिला प्रकार भागवला. २००४ च्या एज्युसॅट उपग्रहामुळे प्रश्न विचारण्याची सोय झाली, पण त्यासाठी केंद्रावर जावे लागे. ऑनलाइन संवादामुळे उरलेले दोन्ही प्रकार हातातल्या फोनवर आले. आपण मात्र त्याचा वापर बहुधा पीडीएफ मिळवण्यासाठी आणि 'फॉर्मची तारीख वाढली का?' एवढे विचारण्यासाठी करतो. २०१७ मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या 'स्वयम्' व्यासपीठावर अभ्यासक्रमाचे चार भाग असतात : व्हिडिओ, वाचनसाहित्य, स्वयंमूल्यमापन आणि शंका विचारण्यासाठी चर्चा. चौथा भाग उघडून न पाहताच परीक्षेला बसणारे कमी नाहीत.

ऑनलाइन म्हणजे फक्त लाइव्ह तास, हाही गैरसमज आहे. रात्रपाळीच्या कामगाराला किंवा घरात चौघांत एकच फोन असलेल्या मुलीला संध्याकाळी सहाचा लाइव्ह तास जमत नाही. त्यांना लिहून पाठवलेला प्रश्न आणि सवडीने आलेले उत्तर जास्त उपयोगी पडते. त्याला डेटाही कमी लागतो. शिवाय वर्गात बोलायला बिचकणारा विद्यार्थी लिहून विचारायला धजतो. आपल्याकडे घरातली पहिलीच पिढी पदवीपर्यंत पोहोचत असेल, तर ही गोष्ट लहान नाही.

सर्वाधिक नुकसान स्वाध्यायांत होते. इग्नूच्या बऱ्याच अभ्यासक्रमांत स्वाध्यायांना ३० टक्के गुण असतात. गुण हा त्यातला एक भाग झाला. आपण काय समजलो, कुठे चुकलो, हे शिक्षकाने सांगण्याची ती जागा आहे. तयार उत्तरे उतरवून काढली, तर शिक्षकाचा शेरा दुसऱ्याच कुणाच्या तरी चुकांवर येतो.

वस्तीत अभ्यासिका चालवणाऱ्या कार्यकर्त्यांना इथे काम आहे. एकाच अभ्यासक्रमाच्या पाच-सहा जणांना आठवड्यातून एकदा एकत्र बसवा. आधी आपापसात सोडवून पाहा. जे सुटले नाही, ते पुस्तकाचे नाव आणि पान क्रमांकासह मराठीत नीट लिहा आणि अभ्यासकेंद्राच्या समुपदेशकाला पाठवा. 'सर, काही समजले नाही' या निरोपाला उत्तर देणे कुणालाही अवघड जाते. आलेले उत्तर वहीत उतरवून ठेवा. पुढच्या वर्षीच्या मुलांना तीच वही लागेल.