जेसीबीच्या आधी येतो तो कागद
(लेखमाला : जमीन आणि कागद, भाग ६)

मागच्या भागात बिनशेतीचा, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेल्या ‘एनए’चा विषय झाला. त्यानंतर गारगोटीच्या बाजारात एका वाचकाने गाठून विचारलं, “उद्या आपल्या डोंगरात कुणी दोन-तीनशे एकरांत बंगल्यांचं गाव वसवायला काढलं, तर ते अडवता येतं का?” म्हटलं, येतं. पण तुम्ही जागे कधी होता, त्यावर सगळं आहे.

उशिरा जाग आल्याचं उदाहरण म्हणजे लवासा हे डोंगरातलं खासगी शहर. नाव सगळ्यांना माहीत, तारखा फार थोड्यांना. मुळशी-वेल्ह्याच्या डोंगरात, मोसे नदीच्या खोऱ्यात दासवे, मुगाव अशी गावं. वरसगाव धरणाने हे खोरं एकदा उठवलेलं. नोव्हेंबर १९९६ मध्ये राज्य शासनाने डोंगरी भागात पर्यटन नगरं उभारण्यासाठी खास नियमावली काढली. २००१ मध्ये १८ गावांचा परिसर गिरिस्थान म्हणून जाहीर झाला. यातला एकही कागद मुगावच्या पारावर कुणी वाचून दाखवला असेल, असं मला वाटत नाही. लोकांचा आवाज बाहेर ऐकू येऊ लागला तो डोंगर फुटायला लागल्यावर. सीलिंगमध्ये (कमाल जमीनधारणा कायद्याखाली) मिळालेल्या जमिनींच्या व्यवहारांच्या तक्रारी, आदिवासी कुटुंबांचे मोर्चे, मेधा पाटकरांचं आंदोलन असं सगळं झालं. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवण्याची नोटीस दिली २५ नोव्हेंबर २०१० रोजी. तोवर दासव्यात इमारती उभ्या होत्या.

लवासा कंपनीचा बचाव लक्षात ठेवण्यासारखा आहे. डोंगरातल्या पर्यटन प्रकल्पाला केंद्राची परवानगी लागायची ती हजार मीटरच्या वरच्या जागेसाठी. आमचं काम त्याखाली आहे, असं कंपनीचं म्हणणं. आता आपला भुदरगड किल्लासुद्धा हजार मीटरला टेकत नाही. म्हणजे या हिशेबाने आपल्याकडे डोंगर नाहीतच! नोव्हेंबर २०११ मध्ये पहिल्या टप्प्याला अटी घालून मंजुरी मिळाली, आणि ऑगस्ट २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. कंपनी बुडाली म्हणून डोंगर काही पूर्ववत होत नाही.

आंबोली उतरून पलीकडे गेलं की गोवा. ‘प्रादेशिक आराखडा २०११’ या नावाचा तिथला आराखडा ऑगस्ट २००६ मध्ये अधिसूचित झाला. शेतं, डोंगरउतार, किनारे यांवर वसाहतीचा रंग चढला होता. तिथे लोकांनी आधी नकाशा वाचला. डॉ. ऑस्कर रिबेलो निमंत्रक असलेल्या ‘गोवा बचाव अभियाना’ने हा आराखडा गावोगाव नेला, आपलं शेत कोणत्या रंगात गेलंय ते लोकांना दाखवलं. २६ जानेवारी २००७ रोजी सरकारने तो अख्खा आराखडा रद्द करत असल्याचं जाहीर केलं. लढाई तिथे मिटली असं नाही. २०२३ मध्ये आराखड्यातल्या ‘चुका’ दुरुस्त करण्याच्या नावाखाली १७(२) हे नवं कलम आलं, आणि त्याखालचे नियम २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने रद्द केले. तिकडची माणसं आता रंग बघायला शिकली आहेत, एवढं खरं.

आपल्याकडे प्रादेशिक आराखड्यातला हा रंग कसा बदलतो? शेती म्हणजे हिरवा पट्टा, रहिवास म्हणजे पिवळा. पट्टा बदलायचा तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगर रचना अधिनियम, १९६६ च्या कलम २० खाली सूचना निघते. ती राजपत्रात आणि वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, मुंगीच्या अक्षरांत असते. गावाचं नाव, गट नंबर, क्षेत्र, आणि पुढे ‘शेती विभागातून वगळून रहिवास विभागात समाविष्ट’. शेवटी हरकती-सूचना मागवलेल्या असतात. मुदत जेमतेम महिन्याची. तो महिना भात लावणीचा असला की झालंच.

बरं, पर्यावरण मंजुरीआधीच्या जनसुनावणीची वाट बघत बसाल तर फसाल. बॉक्साइटच्या मोठ्या खाणीला जनसुनावणी घ्यावी लागते. पण २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेप्रमाणे २० हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या गृहप्रकल्पाला पर्यावरण मंजुरी लागत असली, तरी जनसुनावणीतून त्याला सूट आहे. ग्रामसभेचा ठराव जरूर करा, त्याला वजन असतं. पण तो बंधनकारक नाही. गावठाणाबाहेरच्या एवढ्या मोठ्या बांधकामाची परवानगी ग्रामपंचायतीच्या हातात नसते.

आता थोडं कडू बोलतो. असा प्रकल्प सरळ नाकारणारा एक कागद आपल्या पश्चिम भागासाठी आहे, आणि त्यालाच आपण सगळ्यात जास्त शिव्या दिल्या. पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राबाबत केंद्राने १३ नोव्हेंबर २०१३ रोजी निर्देश काढले. त्याच्या अधिसूचनेचा पहिला मसुदा मार्च २०१४ चा, सहावा ३१ जुलै २०२४ चा. मसुद्यातल्या गावांच्या यादीत भुदरगडातलीही गावं आहेत. मसुद्यात २० हजार चौरस मीटर आणि त्यावरच्या बांधकामांना, तसंच ५० हेक्टर आणि त्यावरच्या नगरांना चक्क बंदी आहे. घराची दुरुस्ती, वाढवणं, जमिनीची मालकी याला मात्र हात लावलेला नाही. तरीही ‘शेती बंद होणार, घर बांधता येणार नाही’ ही आवई उठली आणि अनेक ग्रामपंचायतींनी विरोधाचे ठराव केले. मसुद्याबद्दल काही तक्रारी रास्त होत्या. गावांना न विचारता याद्या झाल्या, हे खरंच आहे. पण विरोध करणाऱ्यांपैकी मसुदा किती जणांनी वाचला होता? खाणवाल्यांनी आणि प्लॉटवाल्यांनी तो नक्की वाचला असणार.

याच गारगोटीच्या कचेरीवर १३ डिसेंबर १९४२ रोजी चालून गेलेल्यांपैकी सात जण हुतात्मा झाले. आज त्या कचेरीत जायला कुणाची भीती नाही, फक्त एक अर्ज लागतो. आपल्या गावाचा प्रादेशिक आराखड्यातला भाग, आपल्या गटाचा झोन दाखला आणि चालू सातबारा, हे तीन कागद कुठे आणि कसे मिळतात ते तलाठ्यांना विचारा आणि काढून ठेवा. पुढच्या भागात ‘भोगवटादार वर्ग २’ घेणार आहे. तेव्हा सातबारा समोर असलेला बरा.