अपस्माराचा विद्यार्थी व त्याची रोजची गोळी

अपस्मार म्हणजे आपल्याकडे ज्यास फेफरे किंवा मिरगी म्हणतात तो मेंदूचा विकार होय. वर्गात मूल एकाएकी कोसळते, हातपाय ताठ होऊन झटके येऊ लागतात, तोंडास फेस येतो आणि सारा वर्ग भयभीत होतो. अशा वेळी कोणी कांदा फोडून नाकाशी धरतो, कोणी पायांतील वहाण हुंगवितो. झटका बहुधा दोन-तीन मिनिटांत आपोआपच थांबत असतो. श्रेय मात्र वहाणेस मिळते, आणि दवाखान्याची वाट वर्षानुवर्षे धरली जात नाही.

मेंदूतील पेशींचा परस्पर-व्यवहार सूक्ष्म विद्युत्‌प्रवाहाने चालतो. पुष्कळ पेशी एकाच वेळी अतिरिक्त उद्दीपित झाल्या म्हणजे झटका येतो. औषध या उद्दीपनास आवर घालते. फिनोबार्बिटॉनचा हा गुण १९१२ साली जर्मन डॉक्टर हाउप्टमन यांनी दाखविला. १९३८ साली अमेरिकेत मेरिट व पटनम यांनी फेनिटॉइन पुढे आणले. त्यानंतर कार्बामाझेपीन, व्हॅल्प्रोएट, लेव्हेटिरासिटॅम इत्यादी औषधे आली. योग्य औषध नियमाने घेतल्यास १०० पैकी सुमारे ७० रुग्णांचे झटके थांबू शकतात.

यांपैकी कोणते औषध द्यावयाचे, हे झटक्याच्या प्रकारावर अवलंबून असते; आणि तो प्रकार डॉक्टरांच्या दृष्टीस क्वचितच पडतो. तो पाहतो शिक्षक. काही मुले मुळीच पडत नाहीत. वाचता वाचता ती पाच-दहा सेकंद शून्यात पाहतात, पापण्या फडफडतात, आणि पुन्हा वाचू लागतात. आपण त्यास ‘लक्ष नाही’ म्हणून रागावतो! अशा झटक्यांना व्हॅल्प्रोएटसारखे औषध लागू पडते, तर कार्बामाझेपीनने ते वाढण्याचा संभव असतो. म्हणून झटका कसा सुरू झाला, कोणत्या अंगाकडून, किती मिनिटे टिकला, मूल शुद्धीवर होते किंवा नाही, हे घड्याळ पाहून लिहून ठेवावे व तो कागद पालकांबरोबर डॉक्टरांकडे धाडावा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येते, तेव्हाही हे टिपण त्यांच्या हाती द्यावे. झटक्यांचा विकार त्यांच्या तपासणीच्या यादीत आहेच.

सर्वांत मोठी अडचण औषध सुरू झाल्यानंतरची आहे. चार महिने झटका आला नाही की गोळी बंद केली जाते. हे अत्यंत घातक होय. औषध एकाएकी तोडल्यास झटक्यामागून झटके येऊन प्राणावर बेतू शकते. साधारणतः निदान दोन वर्षे झटक्याविना गेल्यावर डॉक्टरच औषध हळूहळू कमी करण्याचा विचार करतात. भिगवणच्या परिसरात याचे महत्त्व विशेष आहे. येथील मुले उजनीच्या फुगवट्याच्या काठी वाढतात. मासेमारी, पोहणे, होडी हे त्यांचे रोजचेच. पाण्यात आलेला एक झटका पुरेसा असतो. झटके असणाऱ्या मुलाने एकट्याने पाण्यात उतरू नये, हे पालकांस स्पष्ट शब्दांत सांगावे. तसेच गळीत हंगामात ऊसतोडणीसाठी येणाऱ्या कुटुंबांतील मुलांची औषधे गाव बदलताना हमखास खंडित होतात. अशा पालकांस चिठ्ठी जपून ठेवण्यास व निघण्यापूर्वी पुढील गोळ्या घेऊन ठेवण्यास सांगावे.

मुलींच्या बाबतीत आजार लपविला जातो, आणि त्याबरोबर गोळीही. विवाहाची चिंता हे कारण असते. हिंदू विवाह कायद्यातील अपस्माराचा उल्लेख १९९९ च्या दुरुस्तीने वगळला गेला आहे, ही गोष्ट पुष्कळ पालकांस ठाऊकच नसते. ती त्यांना खाजगीत सांगावी, वर्गापुढे नव्हे.

औषधाने काही मुलांस गुंगी येते, काही चिडचिडी होतात; फेनिटॉइनने हिरड्या सुजतात. हे डॉक्टरांस कळवावे, गोळी मात्र आपण बंद करू नये. फक्त नवे औषध सुरू होताच अंगावर पुरळ उठल्यास त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

वर्गात झटका आल्यास मुलास कुशीवर वळवावे, डोक्याखाली मऊ कापड द्यावे, दप्तरे-बाके दूर सारावीत. तोंडात चमचा, पाणी वा गोळी काहीही घालू नये; हातपाय दाबून धरू नयेत. पाच मिनिटांत झटका न थांबल्यास, अथवा मूल शुद्धीवर येण्यापूर्वीच दुसरा आल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. मूल सावध झाल्यावर त्यास थोडा वेळ निजू द्यावे आणि दुसऱ्या दिवशी नेहमीच्याच जागी बसवावे.