चिखलाचे संग्रहालय

निसर्गाचे संग्रहालय म्हटले की पेंढा भरलेला वाघ डोळ्यांपुढे येतो. परंतु जिथे दाखवायची वस्तू दाराबाहेरच जिवंत आहे आणि भरती-ओहोटीगणिक रूप पालटते आहे, तिथे आत मांडायचे तरी काय, हा प्रश्न ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रासारख्या वास्तूपुढे उभा राहतो. लगतची ठाणे खाडी 2015 साली रोहित पक्ष्यांचे अभयारण्य ठरली, 2022 मध्ये रामसर यादीत दाखल झाली आणि सरकारी दफ्तरात तिची सरहद्द कायम झाली.

माझ्या मते अशा दालनातली पहिली वस्तू तिवराचे पान असावी. चिखलात प्राणवायूचा दुष्काळ, म्हणून हे झाड श्वसनमुळे वर काढते. अंगात शिरलेले जादा मीठ ते पानांतील ग्रंथींवाटे बाहेर टाकते, आणि उन्हात त्या पानावर चकाकणारे कण जिभेला लावून पाहिले, की दहा तक्ते वाचून न कळलेले क्षणात उमगते.

शेजारी रोहिताच्या चोचीची प्रतिकृती, अर्थात उलटी धरलेली: जीभ पिचकारीच्या दट्ट्यासारखी पाणी आत ओढते, बाहेर लोटते, आणि चोचीच्या कडांच्या झालरीत शैवाल व बारीक जीव अडकतात, त्यांतील रंगद्रव्यच पुढे पिसांवर गुलाबी होऊन उतरते.

नामफलकांवर मात्र कोळ्यांचेच शब्द हवेत. ‘निवटी’ हे नाव असताना त्या चिखलावर उड्या मारणाऱ्या माशाला परका शब्द कशाला? आणि प्रवेशद्वारी, तिकिटाच्या दराआधी, खडूने रोजची ओहोटीची वेळ लिहावी. पक्षी दाखवणारी होडीही शेवटी त्याच वेळापत्रकाच्या हुकमाने सुटते.