फौजीची पेन्शन, बँकेचा पगार आणि २१ हजारांची अट

भिंगारमध्ये पेन्शन हा घरातल्या घरात राहणारा विषय नाही. नगरच्या किल्ल्यापलीकडे छावणी सुरू होते. १९४८ पासून रणगाडा दलाचे प्रशिक्षण केंद्र इथे आहे, मेकॅनाइज्ड इन्फन्ट्रीचे रेजिमेंटल सेंटर आहे आणि लष्करी वाहनांवर संशोधन करणारी व्हीआरडीई ही संस्थाही आहे. नोकरीच्या निमित्ताने आलेले शिपाई, हवालदार, सुभेदार आणि सिव्हिलियन कर्मचारी निवृत्तीनंतर इथेच घर बांधून राहिले. त्यामुळे नोव्हेंबरात हयातीचा दाखला देण्याची वेळ आली की शेजाऱ्याला किती मिळते, कशाचे मिळते आणि वर तो आणखी काय कमावतो, याची उजळणी गल्लोगल्ली होते. एकाची फौजेची पेन्शन चालू असून तो स्टेट बँकेच्या दारावर गार्ड आहे. एकीच्या नवऱ्याची पेन्शन येते आणि ती स्वतः शाळेत शिक्षिका आहे. ‘दोन्हीकडून कसं काय घेतात?’ हा प्रश्न मग कोणीतरी काढतोच.

प्रश्न गैर नाही. त्यावर जी उत्तरे ठोकून दिली जातात, त्यांतली बहुतेक मात्र चुकीची असतात.

‘पेन्शन म्हणजे सरकारची मदत, दुसरी कमाई असेल तर ती बंद व्हायला हवी’

नोकरीच्या पेन्शनबाबत हा मुद्दा १९८२ मध्येच निकाली निघाला. संरक्षण मंत्रालयातून निवृत्त झालेले आर्थिक सल्लागार डी. एस. नकारा यांच्या याचिकेवर १७ डिसेंबर १९८२ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने निकाल दिला. पेन्शन ही मालकाच्या मर्जीवरची बक्षिसी नव्हे, केलेल्या सेवेचा तो पुढे ढकललेला मोबदला आहे, असे त्याचे सार. सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड त्या पीठावर होते. पेन्शनर संघटना १७ डिसेंबर हा दिवस अजूनही पाळतात तो याच निकालामुळे.

मोबदलाच म्हटल्यावर तो घेणाऱ्याला ‘तुझे बाकीचे उत्पन्न किती?’ असे विचारायचे कारण उरत नाही. निवृत्त हवालदाराने किराणा दुकान काढले, बारा एकर ऊस लावला किंवा दोन खोल्या भाड्याने दिल्या, तरी त्याच्या पेन्शनमधला एक रुपया कमी होत नाही. फक्त प्राप्तिकर भरताना करपात्र उत्पन्न एकत्र धरले जाते. पेन्शन ‘पगार’ या सदरात मोजतात, आणि दुसऱ्या नोकरीचा पगार त्यात मिळवला तरी नव्या करप्रणालीतली ७५ हजारांची प्रमाणित वजावट एकदाच मिळते. दोन नोकऱ्या म्हणून दोनदा वजावट लावली की नोटीस येते.

‘फौजी दुसऱ्या सरकारी नोकरीत लागला की पेन्शन पगारातून कापतात’

यात अर्धे खरे आहे, आणि तेवढ्यावरच अफवा उभी आहे.

शिपाई पस्तिशी-चाळिशीत बाहेर पडतो. मुले शाळेत असतात आणि कर्ज डोक्यावर असते. त्याने दुसरी नोकरी करावी हे सरकारनेच गृहीत धरले आहे. म्हणून तर केंद्राच्या गट ‘क’मध्ये १० टक्के, गट ‘ड’मध्ये २० टक्के आणि महाराष्ट्राच्या सेवेत १५ टक्के जागा माजी सैनिकांसाठी राखीव आहेत. एका हाताने आरक्षण देऊन दुसऱ्या हाताने पगार कापायचा, तर त्या आरक्षणाला अर्थ राहिला नसता.

केंद्राचे नियम सरळ आहेत. कमिशन्ड अधिकाऱ्याच्या खालच्या पदावरून, वयाच्या ५५ वर्षांआधी निवृत्त झालेल्याचा नव्या नोकरीतला पगार ठरवताना फौजेची पूर्ण पेन्शन बाजूला ठेवतात. नव्या पदाचा सुरुवातीचा पगार आणि पूर्ण पेन्शन असे दोन्ही मिळते, पेन्शनवरचा महागाई भत्ताही चालू राहतो. किंमत एकच मोजावी लागते: फौजेतला शेवटचा पगार पुढे धरला जात नाही. वीस वर्षे बंदूक वागवलेला हवालदार टपालात तेवीस वर्षांच्या पोराच्या बरोबरीने सुरुवात करतो. ‘दुहेरी’ म्हणणारे हे सांगत नाहीत.

अधिकाऱ्यांचा हिशेब वेगळा. ५५ वर्षांआधी निवृत्त झालेल्या अधिकाऱ्याच्या पेन्शनपैकी महिना १५ हजार रुपयेच दुर्लक्षिले जातात. पूर्वी ही रक्कम ४ हजार होती, सातव्या वेतन आयोगानंतर ती वाढली. वरची पेन्शन पगारातून वजा होते. कापाकापीची गोष्ट खरी ठरते ती इथे, आणि पूर्ण नोकरी करून साठीला निवृत्त झालेल्या बाबूला त्याच खात्याने कंत्राटावर परत बोलावले तेव्हा. केंद्राच्या २०२० च्या आदेशानुसार अशा माणसाला शेवटच्या मूळ पगारातून मूळ पेन्शन वजा करून जे उरेल तेवढेच देतात. ते योग्यही आहे. नोकरी तीच, खुर्ची तीच, मग पगार आणि पेन्शन दोन्ही पूर्ण कशासाठी? साठीतला बाबू आणि अडतिसाव्या वर्षी घरी आलेला नाईक यांना एकाच मापाने मोजता येत नाही.

 

‘बाईला स्वतःचा पगार आहे, तिला फॅमिली पेन्शन मिळत नाही’

सर्वांत जास्त नुकसान या गैरसमजाने केले आहे. नवरा गेल्यावर पत्नीला मिळणाऱ्या कुटुंब निवृत्तिवेतनाला तिच्या उत्पन्नाची अट नाही. ती शिक्षिका असो, नर्स असो, तिच्या नावावर जमीन असो, पेन्शन मिळते. तिची स्वतःची नोकरी पेन्शनीची असेल तर निवृत्तीनंतर स्वतःची पेन्शनही तिच्याबरोबर चालते.

उत्पन्नाची अट आहे ती बाकीच्यांना. पंचवीस वर्षांवरची अविवाहित, विधवा किंवा घटस्फोटित मुलगी आणि आई-वडील यांच्यासाठी ही मर्यादा महिना ९ हजार रुपये अधिक त्यावरचा महागाई भत्ता अशी आहे. निपुत्रिक विधवेने पुन्हा लग्न केले तरी तिची पेन्शन चालू राहते, पण तिलाही हीच मर्यादा लागते. अपंग मुलाच्या बाबतीत २०२१ मध्ये नियम सैल झाला. मृत कर्मचाऱ्याच्या शेवटच्या पगाराच्या ३० टक्के आणि त्यावरचा महागाई भत्ता, इथपर्यंत त्याचे स्वतःचे उत्पन्न चालते. या अटींमागचे कारण समजण्यासारखे आहे. पत्नीने त्या नोकरीच्या बदल्यांत आणि विरहांत वाटा उचललेला असतो. मुलगी किंवा आई-वडील अवलंबून आहेत म्हणून पात्र ठरतात, आणि अवलंबून आहेत की नाही हे उत्पन्न पाहिल्याशिवाय कळणार कसे?

दुहेरी फॅमिली पेन्शनचा मुद्दा इथे नीट समजून घ्यायला हवा. भिंगारसारख्या ठिकाणी नवऱ्याने आधी फौज आणि मग रेल्वे, टपाल किंवा एखादे सरकारी खाते अशी दोन ठिकाणी नोकरी केलेली घरे पुष्कळ आहेत. पूर्वी तो गेल्यावर बायकोला दोनपैकी एकच फॅमिली पेन्शन निवडावी लागे. २४ सप्टेंबर २०१२ पासून ही सक्ती गेली. फौजेची आणि जुन्या नियमांखालच्या नागरी सेवेची, दोन्ही पेन्शन मिळतात. नवरा त्या तारखेच्या आधी वारला असला तरी त्या तारखेपासूनचा लाभ लागू आहे. ज्यांनी नव्वदच्या दशकात ‘एकच मिळते’ असे ऐकून एका कागदावर अंगठा उठवला, त्या बायका आता सत्तरी-ऐंशीत आहेत. तुमच्या ओळखीत अशी कोणी असेल तर दोन्ही नोकऱ्यांचे कागद, डिस्चार्ज बुक आणि जुनी पेन्शन ऑर्डर घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. थकबाकीची रक्कम लहान नसते.

‘पेन्शनर असलो तरी शेतकरी आहे, मग पीएम किसान मिळणारच’

नाही. महिना १० हजार किंवा त्याहून जास्त पेन्शन असेल तर सातबारा असूनही पीएम किसानमधून नाव बाद होते. सूट आहे ती चतुर्थ श्रेणी आणि मल्टिटास्किंग स्टाफमधून निवृत्त झालेल्यांना. राज्याची नमो शेतकरी योजना याच यादीवर चालत असल्याने ते पैसेही गेले. चुकून घेतले असतील तर वसुली होते. जमिनीची २ हेक्टरची मर्यादा २०१९ मध्येच काढून टाकली, त्यामुळे पन्नास एकरांचा बागायतदार, प्राप्तिकर भरत नसेल तर, पात्र राहतो आणि दीड एकर कोरडवाहू कसणारा निवृत्त शिपाई बाद होतो. नियम म्हणून हे स्पष्ट आहे. न्याय म्हणून मला ते पटत नाही.

‘उत्पन्नाची अट सगळ्यांना सारखी आहे’

ती कोणाला आहे आणि कोणाला नाही, हे शेजारी शेजारी ठेवून पाहा.

भिंगारला खेटूनच असलेल्या किल्ल्यात १९४२ ते १९४५ या काळात नेहरू, पटेल, आझाद कैदेत होते. त्या पिढीतल्या सामान्य स्वातंत्र्यसैनिकांसाठी केंद्राने १९७२ मध्ये पेन्शन सुरू केली, तेव्हा वर्षाला ५ हजार रुपयांच्या आत उत्पन्न असणाऱ्यांनाच ती मिळे. १ ऑगस्ट १९८० पासून ती अट काढली. हा सन्मान आहे, सन्मानाला उत्पन्नाचा दाखला लागत नाही, अशी भूमिका सरकारने घेतली.

महाराष्ट्राच्या माजी आमदाराला २०१६ पासून महिना ५० हजार रुपये पेन्शन आहे. पहिल्या पाच वर्षांनंतरच्या प्रत्येक वर्षासाठी २ हजार वाढतात. तो पुढे खासदार झाला तर तिकडचीही पेन्शन मिळते. ती १ एप्रिल २०२३ पासून ३१ हजार झाली आहे. कारखाना, शिक्षणसंस्था, शेती असली तरी विचारणा नाही. खासदारांच्या पेन्शनला दिलेले आव्हान सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये फेटाळले. तो संसदेचा अधिकार आहे, असे म्हटले.

आता श्रावणबाळ योजना घ्या. वय ६५, आणि अख्ख्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत. अनुदान २०२३ मध्ये १,५०० रुपये झाले, उत्पन्नाची मर्यादा मात्र तिथेच राहिली. २१ हजार म्हणजे घरात महिन्याला १,७५० रुपये. रोजगार हमीचा दर २०२५-२६ साठी ३१२ रुपये होता, म्हणजे सून वर्षात ६८ दिवस हमीच्या कामावर गेली की सासू अपात्र. केंद्राच्या इंदिरा गांधी वृद्धापकाळ योजनेत ६० ते ७९ वयाला केंद्राचा वाटा आजही २०० रुपये आहे. गरजूंसाठीच्या पैशाला उत्पन्नाची अट असावी, यावर माझे दुमत नाही. पण ही अट पाळली तर कोणी बसतच नाही, आणि बसवायचे तर दाखल्यावर खोटे लिहावे लागते. न्यूझीलंडने हा घोळ टाळला आहे. तिथे ६५ नंतर पुरेसा काळ देशात राहिलेल्या सर्वांना, उत्पन्न न विचारता, पेन्शन मिळते आणि श्रीमंतांकडून तिचा काही भाग करातून परत येतो. शेजारच्या ऑस्ट्रेलियात उत्पन्न आणि मालमत्ता दोन्ही तपासतात, पण उत्पन्न वाढेल तशी पेन्शन हळूहळू उतरते. एका रुपयाने रेघ ओलांडली म्हणून सगळी जात नाही.

‘कारखान्याची पेन्शन घेतली की बाकी काही मिळत नाही’

प्रवरानगरपासून पुढे जिल्हाभर साखर कारखान्यांतून निवृत्त झालेल्यांची पेन्शन ईपीएस-९५ या भविष्य निर्वाह निधीच्या पेन्शन योजनेतून येते. तिला इतर उत्पन्नाची अट नाही. अडचण वेगळीच आहे. ३० वर्षे पेन्शनपात्र सेवा आणि १५ हजारांचा कमाल पेन्शनपात्र पगार धरला तरी सूत्राने साधारण ६,४०० रुपये बसतात. किमान पेन्शन सप्टेंबर २०१४ पासून १ हजार ठरली आणि महागाई भत्ता नाही. बुलढाण्याहून कमांडर अशोक राऊत यांची राष्ट्रीय संघर्ष समिती ७,५०० रुपये आणि महागाई भत्त्यासाठी वर्षानुवर्षे लढते आहे, ती यासाठीच.

‘फौजेत गेला म्हणजे पेन्शन पक्की’

२०२२ पर्यंत जवानाला १५ वर्षांच्या सेवेवर हे लागू होते. त्यानंतरच्या भरतीतल्या अग्निवीराला चार वर्षांनंतर सुमारे ११.७१ लाखांचा सेवा निधी मिळतो, पेन्शन नाही. फार तर २५ टक्के कायम होतात. भिंगारच्या छावणीत कवायत करून बाहेर पडलेली बाकीची मुले केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांतल्या राखीव जागांवर लागली, तर तिथेही सध्या जुनी पेन्शन नाही. त्यांचा पगार ठरवताना फौजेची किती पेन्शन बाजूला ठेवायची, हा प्रश्न कोणत्याही कारकुनाला पडणार नाही.