पल्सर आरएस २००: चेहरा आणि उजेड

पल्सर आरएस २०० ही बजाज ऑटोच्या पल्सर घराण्यातली पूर्ण फेअरिंग असलेली पहिली मोटारसायकल. मार्च २०१५ मध्ये ती बाजारात आली. १९९.५ सीसीचे लिक्विड कूल्ड इंजिन, २४.५ पीएस ताकद, सहा गिअर आणि दिल्लीत तेव्हा एक लाख अठरा हजारांच्या आसपास शोरूमची किंमत. एबीएस हवे असेल तर बारा हजार जास्त पडत. इंजिनाबद्दल चालवणाऱ्यांत फारसे दुमत झाले नाही, कारण त्याचे मूळ २०१२ पासून रस्त्यावर असलेल्या २०० एनएसमध्ये होते आणि ते लोकांच्या ओळखीचे होते. वाद झाला तो रूपावर.

या रूपाची पहिली झलक फेब्रुवारी २०१४ च्या ऑटो एक्स्पोमध्ये दिसली होती. तिथे बजाजने पल्सर एसएस ४०० हे संकल्पना-प्रारूप मांडले होते. ती चारशे सीसीची गाडी कधी विक्रीला आली नाही, पण तिच्या अंगाच्या कडा, वळसे आणि डोळ्यांची ठेवण आरएस २०० मध्ये बरीचशी उतरली. मोठ्या गाडीसाठी आखलेला थाट लहान गाडीला मिळाला. गाडी किमतीच्या मानाने भरदार दिसते, ही पसंतीची बाजू आणि पुढून जड वाटते, ही नापसंतीची बाजू, दोन्हींचे मूळ इथेच आहे.

समोरून पाहिले की दोन प्रोजेक्टर दिवे, त्यांना लागून एलईडीचे पायलट दिवे आणि वर उंच पारदर्शक काच दिसते. हा चेहरा काहींना शिकारी पक्ष्याचा वाटला, तर काहींना किड्याचा. रंगवलेल्या पॅनेलांच्या मध्येमध्ये काळे, बिनरंगी प्लास्टिक येते आणि रेषा तुटतात. पिवळ्या गाडीवर हे तुकडे ठळक दिसतात, काळ्या गाडीवर ते अंगात मिसळून जातात. म्हणून एकाच गाडीबद्दल रंगागणिक मत बदललेले आढळते. चेहऱ्यावर रेषांची गर्दी झाली आहे, ही तक्रार रास्त आहे. बाजूने पाहिल्यास मात्र टाकीपासून फेअरिंगच्या टोकापर्यंतचा उतार सलग आणि देखणा आहे.

याच कंपनीच्या चाकणच्या कारखान्यात केटीएमची आरसी २०० तयार होत असे. तिलाही पुढे दोन प्रोजेक्टरच होते, पण तिची अंगकाठी सडपातळ आणि बैठक पुरती वाकलेली. आरएसचे हँडल त्या मानाने उंच आहे. रोज ऑफिसला जाणाऱ्या आणि शनिवार-रविवारी लांब पल्ल्याला निघणाऱ्या माणसाला ते मानवते. भरदार अंग आणि उंच काच यांचा मोबदला त्याला हायवेवर मिळतो: छातीवर येणारा वारा अडतो.

मागच्या बाजूचा इतिहास जुना आहे. २००६ च्या सुधारित पल्सरला दोन उभ्या एलईडी पट्ट्यांचा टेललाइट मिळाला आणि अंधारात लांबून गाडी ओळखण्याची ती खूण झाली. आरएसमध्ये या पट्ट्यांच्या जागी स्फटिकासारखे मोठे पारदर्शक तुकडे आले. पेटल्यावर ते सुंदर दिसतात. दिवसा, न पेटलेले असताना, प्लास्टिकचे वाटतात. त्यात कायद्याने आवश्यक असलेला साडीगार्ड आणि लांब मडगार्ड. स्पोर्ट्स बाइकची शेपूट यांच्यामुळे बोजड होते, म्हणून अनेकजण ते काढून टाकतात. चिखल मग पाठीवर येतो आणि मागे बसणाऱ्याची ओढणी किंवा पदर चाकात जाण्याचा धोका उघडा पडतो.

उजेडाबाबतची मते अधिक एकसारखी आहेत, आणि त्याला कारण आहे. साध्या हेडलाइटमध्ये मागचा आरसा उजेड सगळीकडे फेकतो. प्रोजेक्टरमध्ये लंबवर्तुळाकार आरसा तो एका बिंदूपाशी गोळा करतो, तिथे बसवलेला पत्रा वरचा भाग कापतो आणि पुढचे बहिर्गोल भिंग उरलेला उजेड रस्त्यावर पसरवते. भिंगातून प्रतिमा उलटी पडत असल्याने हा पत्रा खालच्या बाजूला असतो. रस्त्यावर उजेड आणि अंधार यांच्यामध्ये सुरीने कापल्यासारखी रेघ उमटते. भारतीय मोटारसायकलला हा दिवा पहिल्यांदा मिळाला तो २००७ च्या पल्सर २२० मध्ये. ३५ वॉटच्या साध्या बल्बवर रात्री काढलेल्यांना तो फरक मोठा वाटला, आणि तीच अपेक्षा आरएसकडून होती. अप्परवर ती पुरी होते.

डिपरवर ही रेघच अडचण करते. रेघेच्या खाली लख्ख, वर काळोख. गाडी खड्ड्यातून गेली की रेघ वरखाली उड्या मारते, ब्रेक दाबला की खाली येते, मागे जड माणूस बसला की वर चढून समोरच्याच्या डोळ्यांवर जाते. ताम्हिणी किंवा वरंध्यासारख्या घाटात गाडी वळणात झुकवली की रेघही तिच्याबरोबर तिरकी होते आणि जिथे पाहायचे आहे ती वळणाची आतली बाजू अंधारात राहते. हे केवळ आरएसचे दुखणे नाही. झुकणाऱ्या वाहनावर घट्ट बसवलेल्या प्रत्येक दिव्याचे आहे. साध्या दिव्याचा विखुरलेला उजेड ते थोडे झाकतो, एवढेच. मागे माणूस बसवून निघण्याआधी दिव्याचा कोन थोडा खाली करणे हा त्यावर सर्वांत स्वस्त उपाय, आणि तोच सर्वांत कमी केला जातो.

बल्बच्या रंगावरही दोन तट आहेत. हॅलोजनचा पिवळसर उजेड काहींना जुनाट वाटतो, पण कोकणात पावसात गाडी चालवणारे त्याचीच बाजू घेतात: ओल्या डांबरावर तो डोळ्यांना सुसह्य वाटतो आणि खड्ड्याची कड त्यांना लवकर दिसते. पांढऱ्या उजेडासाठी बल्ब बदलणारेही पुष्कळ. प्रोजेक्टरमध्ये निदान कापलेली रेघ बऱ्यापैकी टिकते. तोच बल्ब साध्या हेडलाइटमध्ये घातला की समोरून येणाऱ्याची दृष्टी दिपते.

१ एप्रिल २०१७ पासून देशात नव्या दुचाकींचे हेडलाइट इंजिनाबरोबर आपोआप पेटू लागले. त्यामुळे चेहऱ्याचा दिवसाचा देखावाही बदलला. आरएसचे डोळे भर उन्हातही उघडे दिसू लागले आणि पायलट दिव्यांची शोभा मागे पडली.

जानेवारी २०२५ मध्ये आरएस २०० पुन्हा सुधारून आली. पुढचा चेहरा ओळखू येईल इतका तसाच ठेवला आणि बदल मागे केला: स्फटिकी तुकडे गेले, दोन भागांचा नवा टेललाइट आला आणि इंडिकेटर त्यातच बसवले. टायर रुंद झाले, एलसीडी पडदा आला, किंमत एक लाख चौऱ्याऐंशी हजारांच्या घरात गेली. नव्या शेपटीचे बहुतेकांनी स्वागत केले. समोरच्या चेहऱ्यावरचे दोन तट मात्र दहा वर्षांपूर्वी होते तिथेच आहेत.