‘संमती’ या संज्ञेचा विधीतील अर्थविकास

कायद्यातील एखादी संज्ञा संदिग्ध राहिली, म्हणजे तिचे मोल न्याय मागणाऱ्याला द्यावे लागते. बलात्काराच्या कायद्यातील ‘संमती’ ही संज्ञा याचे ठळक उदाहरण होय.

१८६० च्या भारतीय दंड संहितेत संमतीची विधायक व्याख्या नव्हती. भयापोटी वा गैरसमजाने दिलेली संमती ही संमती नव्हे, एवढेच कलम ९० सांगत असे. ही उणीव १९७२ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात घडलेल्या प्रकरणात उघड झाली. एका आदिवासी मुलीने दोन पोलिसांविरुद्ध तक्रार केली. सत्र न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरविले. भयाने निमूट शरण जाणे म्हणजे संमती नव्हे, असा भेद करून मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना शिक्षा दिली. परंतु अंगावर प्रतिकाराच्या खुणा नाहीत, यावर भर देऊन सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये त्यांची मुक्तता केली.

मौन म्हणजे संमती, हा लोकव्यवहारातील संकेतच येथे पुराव्याच्या जागी बसला. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार व रघुनाथ केळकर या विधीच्या अध्यापकांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना अनावृत पत्र लिहून त्यावर आक्षेप घेतला. १९८३ च्या दुरुस्तीने, कोठडीतील बलात्काराच्या खटल्यात संबंध सिद्ध झाल्यावर स्त्रीने ‘संमती नव्हती’ असे न्यायालयात सांगितले, तर न्यायालयाने तसेच गृहीत धरावे, असे ठरले.

न्यायमूर्ती वर्मा समितीच्या अहवालानंतर २०१३ मध्ये व्याख्याच बदलली. शब्दाने, खुणेने वा अन्य रीतीने स्त्रीने व्यक्त केलेली निःसंदिग्ध, स्वेच्छेची तयारी म्हणजे संमती. केवळ प्रतिकार केला नाही, एवढ्यावरून संमती मानता येत नाही. ‘मन्’ धातूपासून आलेल्या या शब्दात मनाचा सहभाग मुळातच अभिप्रेत आहे. कायदा तेथे दीडशे वर्षांनी पोहोचला. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्ये हीच व्याख्या कायम आहे. पतीविषयीचा अपवादही मात्र कायम आहे.

तथापि व्याख्येचे सामर्थ्य पहिल्या नोंदीवर अवलंबून असते. अशी फिर्याद स्त्री अधिकाऱ्यानेच नोंदवावी, ती फिर्यादीला वाचून दाखवावी, आणि नोंद टाळणाऱ्या लोकसेवकाला किमान सहा महिन्यांचा सश्रम कारावास व्हावा, असे नियम याचसाठी आहेत. स्त्रीचा ‘नाही’ कागदावर जसाच्या तसा उतरला, तरच पुढे न्यायालयाला तो वाचता येतो.